जर्मन अधिकाऱ्याचं टोकदार हेल्मेट: ओळखायचं कसं आणि त्याची नोंद लिहायची कशी

ऑक्टोबर 1906 मध्ये बर्लिनजवळच्या कोपेनिक या गावात एक कॅप्टन आला. सोबत दहाएक शिपाई. त्याने नगराध्यक्षांना अटक केली, तिजोरीतले साडेतीन हजारांहून जास्त मार्क ताब्यात घेतले, शिपायांना पहाऱ्यावर उभं केलं आणि आपण निघून गेला. तो कॅप्टन नव्हताच. विल्हेल्म फोइग्ट नावाचा, आधी बरीच वर्षं तुरुंगात काढलेला चांभार होता. गणवेश त्याने जुन्या कपड्यांच्या दुकानांतून तुकड्या-तुकड्यांनी जमवला होता. शिपाईसुद्धा त्याने रस्त्यावरूनच, नुसता हुकूम सोडून, आपल्या मागे घेतले होते. डोक्यावर त्याने हेल्मेटऐवजी साधी टोपी घातली होती, हे कोणाच्याही नजरेला खटकलं नाही. पुढे त्याला चार वर्षांची शिक्षा झाली आणि 1908 मध्ये खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ती माफ केली.

जुन्या जर्मन लष्करी शिरस्त्राणांच्या बाजारात असे फोइग्ट आजही भरपूर भेटतात, फक्त ते माणसांऐवजी हेल्मेटच्या रूपात असतात. कातडी टोप एका शिपायाचा, पुढचा गरुड एखाद्या अधिकाऱ्याच्या हेल्मेटवरून काढलेला, वरचा सुळका तिसऱ्याच राज्याचा, अस्तर कालपरवा शिवलेलं. सगळं नटबोल्टांनी जोडलेलं असल्यामुळे कुठलाही भाग कुठेही बसतो आणि विकताना चिठ्ठी लागते: ‘जर्मन अधिकाऱ्याचं हेल्मेट, पहिलं महायुद्ध, अस्सल’. म्हणून या छंदात वस्तू ओळखण्याचा अर्थ एवढाच, की तिचा प्रत्येक भाग सुटा वाचायचा आणि मग सगळे एकच गोष्ट सांगतात का ते बघायचं.

‘पिकेलहाउबे’ या नावाने जगभर ओळखलं जाणारं हे टोकदार हेल्मेट प्रशियात 1842 मध्ये, राजा चौथा फ्रिडरिख विल्हेल्म याच्या काळात आलं. सुरुवातीचं हेल्मेट चांगलंच उंच होतं. पुढे 1857 पासून टप्प्याटप्प्याने ते बुटकं, हलकं आणि आटोपशीर होत गेलं. त्यामुळे नुसत्या उंचीवरूनसुद्धा काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. बाकीच्या जर्मन राज्यांनी प्रशियाचं अनुकरण केलं, पण सगळ्यांनी एकदम केलं नाही. बव्हेरियात तर 1886 पर्यंत लोकरीचा जाडजूड तुरा असलेलं वेगळंच हेल्मेट होतं. दुसरा लुडविग राजा त्याच वर्षी वारला आणि टोकदार हेल्मेट आलं. म्हणजे ‘बव्हेरियाचं 1870 च्या युद्धातलं पिकेलहाउबे’ असं कोणी म्हणालं, तर पुढे ऐकायची गरज उरत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी. 1871 नंतर जर्मन साम्राज्य एक झालं तरी शांततेच्या काळात सैन्यं चार होती: प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग. बाडेन, हेसे यांसारख्या राज्यांची पथकं प्रशियाच्या सैन्यात सामील झालेली असली तरी त्यांनी हेल्मेटवरचं आपापलं राजचिन्ह सोडलं नव्हतं. ‘जर्मन हेल्मेट’ एवढंच लिहिलं, तर ‘भारतीय साडी’ लिहिल्याइतकीच माहिती मिळते. नोंद राज्यापासून सुरू व्हायला हवी.

शिवाय हेल्मेट हा एकच प्रकार नव्हता. भाल्याच्या घोडदळाची, म्हणजे उलानांची, ‘चापका’ ही पोलंडहून आलेली टोपी डोक्यावर चौकोनी पाट ठेवल्यासारखी दिसते. हुझारांच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, टोप्या केसाळ होत्या, शिपायांच्या सीलच्या कातडीच्या आणि अधिकाऱ्यांच्या पाणमांजराच्या. येगर, म्हणजे नेमबाज पायदळाच्या, पलटणींचा शाको होता, म्हणजे उंच नळकांड्यासारखी टोपी. क्युरासियरांचं, म्हणजे जड घोडदळाचं, हेल्मेट धातूचं, मानेवर खवल्यांसारख्या पट्ट्यांनी उतरणारं. यांतला प्रत्येक प्रकार स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मी इथे कातडी टोकदार हेल्मेटावरच थांबतो, कारण सर्वांत जास्त तेच मिळतं आणि सर्वांत जास्त फसवणूकही त्यातच होते.

अधिकाऱ्याचं हेल्मेट शिपायाच्या हेल्मेटापेक्षा वेगळं दिसतं, त्यामागे एक साधं आर्थिक कारण आहे. शिपायाला हेल्मेट सरकार देत असे. ते सरकारी कोठारातून येई, त्यावर कोठाराचा आणि पलटणीचा शिक्का असे आणि त्याची नोकरी संपली की पुढच्या शिपायाच्या डोक्यावर जाई. अधिकारी मात्र आपलं हेल्मेट स्वतःच्या पैशांनी लष्करी साहित्याच्या दुकानातून विकत घेत असे. साहजिकच त्याला ते हलकं, झळाळतं आणि चार लोकांत उठून दिसणारं हवं असे. म्हणून त्याच्यावर पलटणीचा शिक्का सहसा नसतो. नवखे लोक इथेच उलटा निष्कर्ष काढतात. शिक्का नाही म्हणजे नकली, असं त्यांना वाटतं. अधिकाऱ्याच्या हेल्मेटात शिक्का नसणंच स्वाभाविक आहे, आणि ठसठशीत पलटणीचा शिक्का असलेलं ‘अधिकाऱ्याचं’ हेल्मेट समोर आलं, तर आधी संशय घ्यावा.

आता एक हेल्मेट हातात घेतलं आहे असं समजू. प्रशियन पायदळाच्या अधिकाऱ्याचं, कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या काळातलं.

पहिलं जाणवतं ते वजन. अधिकाऱ्याचा टोप पातळ, उत्तम कमावलेल्या कातड्याचा असतो आणि त्यावर काळ्या लाखेचे थर असतात. शंभर वर्षांत या लाखेला बारीक तडे जातात. जुन्या तैलचित्राच्या रंगाला जातात तसे, जाळीदार. हेल्मेट उलटं केलं की पुढच्या छज्ज्याची खालची बाजू हिरवी आणि मागच्या, मानेवरच्या छज्ज्याची लाल दिसते. शिपायाच्या हेल्मेटात दोन्ही काळ्या. ही एक खूण बरंच काही सांगून जाते, आणि ती हेल्मेट उलटं केल्याशिवाय दिसत नाही. विक्रीच्या फोटोत नेमका हाच कोन नसेल तर आधी तोच मागवून घ्यावा.

आतलं अस्तरही बोलतं. शिपायाच्या हेल्मेटात कातड्याच्या जीभा असतात, त्या वर एकत्र बांधून डोक्याच्या मापाला जुळवायच्या. अधिकाऱ्याच्या हेल्मेटात कपाळाला लागणारी कातड्याची पट्टी आणि तिच्यावर रेशमी रिप कापडाचं अस्तर. हे रेशीम घामाने तांबूस होतं, विरतं, त्याच्या कडा फाटतात. शंभर वर्षांपूर्वीचं अस्तर कोरं करकरीत असेल तर हेल्मेट वापरलंच गेलं नाही किंवा अस्तर बदललं गेलं आहे. दोन्ही शक्य आहे. दोन्हीपैकी नक्की काय हे ठरवता आलं नाही, तर नोंदीत ‘अस्तर अखंड, घामाचे डाग नाहीत’ इतकंच लिहावं.

आता वर. सुळका ज्या गोल पितळी तबकडीवर बसतो ती टोपाला चार जागी पक्की केलेली असते. अधिकाऱ्याच्या हेल्मेटात तिथे चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, शिपायाच्या हेल्मेटात साधे घुमटाकार. सुळक्याच्या तळाशी अधिकाऱ्याकडे मण्यांसारखं नक्षीचं कडं असतं. सुळका फिरवून काढता येतो, कारण संचलनाच्या दिवशी त्या जागी केसांचा तुरा लावायचा असे. तबकडी गोल म्हणजे पायदळ. ती क्रूसासारखी चार पाकळ्यांची असेल, तर घोड्यावरचे अधिकारी, ड्रॅगून (घोडदळाचा एक प्रकार) किंवा जनरल यांच्याकडे वळावं. आणि सुळक्याऐवजी गोळा असेल तर तोफखाना. तोफांजवळ वाकणाऱ्या माणसाच्या आणि घोड्यांच्या अंगात टोक घुसू नये म्हणून गोळा आला असं सांगतात. बव्हेरियाचा तोफखाना मात्र बराच काळ टोकच मिरवत राहिला, त्यामुळे ‘टोक म्हणजे तोफखाना नाही’ असा सरळ नियम करता येत नाही.

हनुवटीखालून जाणारी खवल्यांची पट्टी सपाट असेल तर प्रशियन पायदळ, फुगीर असेल तर घोडदळ आणि वरिष्ठ मंडळी, असा या काळापुरता ढोबळ नियम आहे. ती पट्टी जिथे अडकते तिथे दोन्ही बाजूंना रंगीत चकत्या असतात, म्हणजे कोकार्ड. डावीकडची चकती राज्याची. प्रशिया काळा-पांढरा-काळा, बव्हेरिया पांढरा-निळा-पांढरा, सॅक्सनी पांढरा-हिरवा-पांढरा, वुर्टेम्बर्ग काळा-लाल-काळा, बाडेन पिवळा-लाल-पिवळा, हेसे पांढरा-लाल-पांढरा. उजवीकडची काळी-पांढरी-लाल चकती साम्राज्याची आणि ती 1897 मध्ये आली. त्याआधी राज्याची एकच चकती उजवीकडे असे.

या चकत्यांवरून हेल्मेटचं वय काढताना पुष्कळ लोक घसरतात. साम्राज्याची चकती दिसली की ‘1897 नंतर बनलेलं’ असं लिहून मोकळे होतात. पण 1897 मध्ये सगळ्यांनी नवीन हेल्मेटं घेतली नाहीत. होतं त्यालाच दुसरी चकती लावली. स्वतःच्या खिशातून खर्च करणारा लेफ्टनंट तर जुनं हेल्मेट टाकून देणारच नाही. तेव्हा चकती सांगते ती एवढंच, की हे हेल्मेट 1897 नंतरही कोणीतरी वापरलं. टोप त्याआधीचा असू शकतो. बनण्याचा काळ आणि वापराचा काळ हे नोंदीत दोन वेगळे रकाने हवेत, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक विक्रेत्यांच्या याद्यांत एकच असतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

आता बिल्ला, म्हणजे समोरचं धातूचं राजचिन्ह. सामान्य प्रशियन पायदळाचा गरुड पंख पसरून उभा असतो, छातीवर ‘एफ आर’ ही राजाची अक्षरं, आणि अंगावरून जाणाऱ्या पट्टीवर ‘मिट गॉट फ्युअर क्योनिग उन्ट फाटरलान्ट’, म्हणजे ‘देवाच्या साथीने, राजा आणि मातृभूमीसाठी’. गार्ड, म्हणजे राजाच्या खास, पलटणींच्या गरुडाच्या छातीवर तारा असतो आणि अधिकाऱ्याच्या ताऱ्यावर मिनाकाम. बव्हेरियाच्या बिल्ल्यावर सिंह आणि ‘इन ट्रॉय फेस्ट’, वुर्टेम्बर्गवर ‘फुर्श्टलोस उन्ट ट्रॉय’, सॅक्सनीवर तारा आणि ‘प्रोविडेन्शिए मेमॉर’ हे लॅटिन वचन. बाडेनचा प्राणी ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड.

काही बिल्ल्यांवर प्रशियन गरुडाच्या पट्टीत चक्क ‘वॉटर्लू’ आणि ‘पेनिन्सुला’ असे शब्द दिसतात. हे इंग्रजांच्या बाजूने नेपोलियनशी लढलेल्या हानोव्हरच्या सैनिकांचे सन्मान. हानोव्हर 1866 मध्ये प्रशियाने गिळलं. नंतर 1899 मध्ये कैसरने त्या जुन्या पलटणींचा वारसा नव्या हानोव्हरी पलटणींना बहाल केला. असा बिल्ला असलेलं हेल्मेट म्हणजे हानोव्हरचीच ठरावीक पलटण, आणि तो बिल्ला 1899 च्या आधीचा असूच शकत नाही.

गरुडाच्या छातीवर छोटा क्रूस असेल तर मालक राखीव दलाचा किंवा लान्डव्हेअरचा (वयाने मोठ्या राखीव सैनिकांच्या दलाचा) अधिकारी. या क्रूसावर 1813 हे साल असतं, नेपोलियनविरुद्धच्या लढ्याची आठवण म्हणून. राखीव अधिकारी म्हणजे एरवी वकील, डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक. त्या समाजात हे पद इतकं मानाचं होतं की लोक ते व्हिजिटिंग कार्डावर छापून घेत. 1885 नंतर प्रशियात ज्यू माणसाला मात्र हे पद जवळजवळ मिळालंच नाही. बव्हेरियात मिळत होतं. एक इंचाचा क्रूस, पण कोणाला समाजात घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं, याचा हिशेब त्यात आहे.

या मार्गावरची पहिली पायरी म्हणजे ‘एक वर्षाचा स्वयंसेवक’. शिकलेल्या, सुखवस्तू घरातला मुलगा स्वतःच्या खर्चाने एकच वर्ष नोकरी करी. तो शिपाईच असे, पण हेल्मेट स्वतः विकत घेई, आणि चांगलं घेई. म्हणजे पातळ कातडं, चकचकीत साज, शिक्का नाही. बाजारात अधिकाऱ्याचं म्हणून विकली जाणारी खूप हेल्मेटं खरं तर याच मुलांची असतात. चांदणीचे स्क्रू आहेत का, सुळक्याला मण्यांचं कडं आहे का, बिल्ल्यावरचा मुकुट कोरून आरपार केलेला आहे का, छज्ज्याखाली हिरवा-लाल रंग आहे का, या सगळ्यांना एकत्र ‘हो’ उत्तर आलं तरच ‘अधिकाऱ्याचं’ लिहावं. एकाला ‘हो’ आणि तिघांना ‘नाही’ आलं तर ‘खासगी खरेदीचं, शिपाई दर्जाचं’. किंमत निम्म्याहून खाली येते, म्हणून विक्रेते हा शब्द टाळतात.

आता खरी परीक्षा, ती बिल्ल्याच्या मागे असते. अधिकाऱ्याचा बिल्ला सहसा दोन बारीक स्क्रूंवर बसतो आणि आतून नट लावून घट्ट करतात. त्यामुळे कातड्याला दोन छोटी गोल भोकं. शिपायाच्या बिल्ल्याला मागे कड्या असतात, त्यांच्यासाठी कापलेली फट लांबट असते. बिल्ला उतरवून बघितला आणि गोल स्क्रू लांबट फटीत डुलताना दिसला, तर शिपायाच्या टोपावर अधिकाऱ्याचा गरुड बसवला आहे. दोनऐवजी चार भोकं असतील, तर बिल्ला निदान एकदा तरी बदलला आहे. वेगवेगळ्या राज्यांच्या बिल्ल्यांमधलं भोकांचं अंतर वेगळं असतं, म्हणून प्रशियाच्या टोपावर बव्हेरियाचा बिल्ला बसवायला नवीन भोकं पाडावीच लागतात. आणि बिल्ल्याखालची सावली बघायची. शंभर वर्षं धातूने झाकलेलं कातडं उन्हा-धुळीपासून वाचलेलं असतं, तिथली लाख जास्त काळी आणि चकचकीत असते. त्या सावलीचा आकार बिल्ल्याच्या आकाराशी जुळला पाहिजे. गरुडाखाली ताऱ्याची सावली दिसली, तर ते हेल्मेट सॅक्सनीतून आलं असण्याची दाट शक्यता आहे आणि गरुड उपरा.

अर्थात भाग बदललेलं प्रत्येक हेल्मेट लबाडीचं नसतं. एखादा अधिकारी लाइन, म्हणजे सामान्य, पलटणीतून गार्डमध्ये बदलून गेला की तोच टोप ठेवून बिल्ला बदलत असे. राखीव दलात गेला की क्रूस लावत असे. फरक ओळखायची युक्ती अशी: त्या काळातला बदल भोकाच्या कडांवरही जुना दिसतो, आत लाखेचा किंवा मळाचा थर असतो. काल ड्रिलने पाडलेल्या भोकात कातड्याचा ताजा, फिकट रंग दिसतो. भिंगाशिवाय हे कळत नाही.

एवढं झाल्यावर नोंद लिहायची. मी ती अशी लिहीन:

‘प्रशिया, पायदळ, राखीव अधिकारी. टोकदार कातडी हेल्मेट. टोप बहुधा 1890 नंतरचा, वापर 1897 नंतरही. काळी लाख, सर्वत्र बारीक जाळीदार तडे, मागच्या छज्ज्याच्या डाव्या टोकाला 2 सेंमी शिवण उसवलेली. गरुडाचा बिल्ला, सोन्याचा मुलामा, पंखांच्या खोलगट भागात मुलामा टिकलेला, उंचवट्यांवर विरळ. छातीवर लान्डव्हेअर क्रूस. बिल्ल्यामागे दोनच गोल भोकं, सावली जुळते. गोल तबकडी, चांदणीचे चार स्क्रू, त्यांपैकी एक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या छटेचा, बदललेला असावा. सुळका उतरतो, मण्यांचं कडं आहे. सपाट खवल्यांची पट्टी. दोन्ही चकत्या आहेत. छज्ज्यांखाली हिरवा आणि लाल रंग, मूळचा. अस्तर रेशमी, कडेला फाटलेलं. शिक्का, नाव, दुकानाचं चिन्ह नाही.’

या नोंदीत ‘सुंदर’, ‘दुर्मिळ’, ‘संग्राह्य’ यांपैकी एकही शब्द नाही. ‘असावा’ आणि ‘बहुधा’ मात्र आहेत, आणि ते नेमके जिथे अंदाज आहे तिथेच आहेत. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या हातात हे हेल्मेट गेलं, तर माझा अंदाज खोडून काढायला त्याला जागा हवी. म्हणून बघितलेलं आणि ओळखलेलं एकाच वाक्यात कालवायचं नाही.

कधी अस्तराखाली मालकाचं नाव लिहिलेलं किंवा व्हिजिटिंग कार्ड खोचलेलं सापडतं आणि हेल्मेटची किंमत एकदम वाढते. नावाचा शोध कुठे घ्यायचा, हे पुन्हा राज्यावर अवलंबून आहे. प्रशियन सैन्याच्या अधिकाऱ्यांची यादी दरवर्षी छापली जाई, तीत नाव, पद आणि पलटण मिळते. पण प्रशियाची मूळ सैनिकी कागदपत्रं पोट्सडामला होती आणि एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात त्यांतली बहुतेक जळाली. बव्हेरियाची कागदपत्रं म्युनिकच्या युद्ध-दफ्तरखान्यात सुरक्षित आहेत. म्हणजे बव्हेरियाच्या एखाद्या लेफ्टनंटचा पूर्ण नोकरीपट सापडू शकतो आणि त्याच दर्जाच्या प्रशियनाचं छापील यादीतल्या एका ओळीपलीकडे काहीच हाती लागत नाही. प्रत्यक्ष तुलनेसाठी इंगोलश्टाटचं बव्हेरियन सैन्य संग्रहालय आणि राश्टाटचं लष्करी इतिहास संग्रहालय या दोन जागा उत्तम.

वस्तूसोबत गोष्टही येते. ‘आमच्या पणजोबांनी आणलं’. अमेरिकेत अशी हेल्मेटं भरपूर असण्याचं एक कारण फारच गद्य आहे. युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या कोठारांतून हजारो न वापरलेली हेल्मेटं अमेरिकेत नेली आणि 1919 च्या व्हिक्टरी कर्जरोख्यांच्या प्रचारात वापरली. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनाजवळ सुमारे 12,000 हेल्मेटांचा मनोरा रचला होता. अमेरिकेतल्या एखाद्या घरातलं हेल्मेट खंदकातून आलं असेल किंवा रोख्यांसोबत बक्षीस म्हणून. प्रचारातली ती हेल्मेटं शिपायांची, सरकारी होती, हेही लक्षात ठेवावं.

आपल्याकडे हा धागा एका ठिकाणी खरोखर जुळतो. खडकीला मुख्यालय असलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअर दलाच्या, 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 रोजी फ्रान्समध्ये न्यूव शापेलच्या गल्ल्यांत 47 शीख पलटणीच्या जोडीने जर्मनांशी हातघाईची लढाई लढल्या आणि त्यांचं अतोनात नुकसान झालं. तेव्हा समोरच्या जर्मनांच्या डोक्यावर हीच कातडी हेल्मेटं होती, वर कापडी खोळ चढवलेली. 1892 पासून मैदानी सरावात आणि युद्धात ही खोळ घालत आणि तिच्यावर पलटणीचा आकडा असे. याउलट मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात अडकलेल्या 103 मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या पलटणींसमोर तुर्की फौज होती. मेसोपोटेमियातून पणजोबांनी पिकेलहाउबे आणलं, अशी कथा कोणी सांगितली तर ती कुटुंबातली आठवण म्हणून आदराने नोंदवावी, पण ‘पुरावा’ या रकान्यात नाही.

नकलांबद्दल. आज बाजारात येणाऱ्या नव्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच भारतातच बनतात. नाटक-सिनेमावाले, ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणारे हौशी लोक त्या घेतात आणि त्यात गैर काही नाही. गैर होतं ते तिसऱ्या हातात गेल्यावर, जेव्हा तीच प्रतिकृती आम्लाने काळवंडून, चहाच्या पाण्याने अस्तर डागाळून ‘जुनी’ केली जाते. जुना बिल्ला पातळ पत्र्यावर ठशाने ठोकून काढलेला असतो. मागून बघितलं तर प्रत्येक पीस उलटं, खोलगट आणि रेखीव उमटलेलं दिसतं. नकली बिल्ला बहुतेकदा ओतीव, जाड आणि मागे सपाट-खडबडीत. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जवळ ठेवावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांत आणि कापडांत उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती या प्रकाशात निळसर-पांढरी चमकतात. अस्तराचा शिवणधागा चमकला की अस्तर तरी नवीन आहे.

1915 मध्ये पितळ दारूगोळ्याला हवं म्हणून साज करड्या रंगाच्या लोखंडाचा झाला आणि सुळका आघाडीवर काढून ठेवायचा हुकूम झाला. कातडं कमी पडलं तेव्हा नमदा आणि पत्र्याचीही हेल्मेटं बनली. तोफगोळ्यांच्या उडणाऱ्या तुकड्यांपुढे हे सगळं निकामी होतं. 1916 मध्ये व्हर्दंच्या आघाडीवर फ्रिडरिख श्वेर्डने आखलेलं पोलादी हेल्मेट आलं आणि टोकदार हेल्मेटाची लढाईतली कारकीर्द संपली. त्यानंतरच्या, विशेषतः नाझी काळातल्या अधिकारी टोप्यांचा संग्रह हा वेगळाच विषय आहे. जर्मनीत स्वस्तिकचिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंधन आहे आणि त्या बाजारात नकलांचं प्रमाण भयंकर आहे. नवख्याने तिकडे वळूच नये, असं माझं मत.

हेल्मेट घरी आलं की पहिला मोह होतो तो घासायचा. पितळ दिसलं की आपला हात आपसूक चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. तो हात तिथेच थांबवावा. अधिकाऱ्याच्या साजावरचा सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या पद्धतीने चढवलेला, अतिशय पातळ असतो. एकदा घासलात तर उंचवट्यांवरचं सोनं गेलं आणि खालचं पितळ उघडं पडलं, ते परत येत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, बस. कातड्याला तेल, व्हॅसलीन, बूटपॉलिश काहीही लावू नये. तेल लाखेच्या तड्यांतून आत जातं, कातडं मऊ पडतं आणि टोपाचा आकार बसतो. हिरवट किटण धरलं असेल तर लाकडी टूथपिकने सुकं सुकंच खरवडावं.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते, हे इथल्या संग्राहकाचं खरं दुखणं. हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं तर बुरशीची सोयच केल्यासारखं होतं. सुती कापडाची सैल खोळ, आत आम्लरहित कागदाचा गोळा भरून आकाराला आधार, कपाटात सिलिका जेल आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढी व्यवस्था पुरते. हनुवटीची पट्टी खाली लोंबकळत ठेवू नये, तिच्या वजनाने चकत्यांखालचं कातडं फाटतं. ती छज्ज्यावर टेकवून ठेवावी. खरेदीची पावती, आयातीचे कागद आणि आपली नोंद हेल्मेटासोबत पण वेगळ्या पाकिटात असावी. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू भारतातून बाहेर पाठवायची वेळ आली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि ती वस्तू बाहेरूनच आली होती हे दाखवायला ते कागद लागतात.